एकसष्ट सातशे

बिबवेवाडीत राहायला आल्यापासून मला गजर लावावा लागलेला नाही. बरोबर साडेसहाला शेजारच्या फ्लॅटमधले दामूअण्णा गॅलरीत येतात आणि स्वतःचं वजन पुकारतात. "एकसष्ट सातशे!" म्हणजे एकसष्ट किलो सातशे ग्रॅम. खालच्या काकांनी एकदा विचारलंही, "स्वतःला विकायला काढलंय का?"

"गिऱ्हाईक हाय का?" अण्णा म्हणाले.

अण्णांचा उभा जन्म मार्केट यार्डात कांद्याची पोती तोलण्यात गेला. अजूनही घरच्या काट्यावर आधी पाच किलोचं लोखंडी माप ठेवून काट्याची परीक्षा घेतात, मगच स्वतः चढतात. "मापात पाप नको," हे त्यांचं ब्रीद.

रोजच्या वजनाचं कारण त्यांचं हृदय. ते थकलं की अंगात पाणी साठतं, आणि ते काट्याला सगळ्यांच्या आधी कळतं. अण्णांच्या हृदयाची डावी बाजू उजवीच्या मागून आकसायची. एका डॉक्टरीणबाईंनी खांद्याखाली यंत्र बसवून दोन्हीकडे तारा सोडल्या, तेव्हा कुठे ठोके जुळले. पहिल्याच भेटीत शर्टाची बटणं काढून त्यांनी मला ते यंत्र दाखवलं. "दोन्ही पारडी समान," म्हणाले.

पण खरी गंमत पुढे होती. यंत्र बसवताना बाईंनी अभ्यासासाठी, अण्णांना विचारून, मानेच्या शिरेतून चिमटा घालून हृदयाची तिळाएवढी कणी काढून घेतली होती. सहा महिन्यांनी दुसरी काढायची होती. "कणीचं वजन किती भरलं?" अण्णांनी विचारलं. बाईंना सांगता येईना. न तोलता माल उचलला, हा राग अण्णांच्या मनातून अजून गेलेला नाही.

"ऐका, कॉम्प्युटर," एका सकाळी त्यांनी मला फाटकातच गाठलं. मी वर्ध्याहून हिंजवडीच्या आयटीतल्या नोकरीसाठी आलेला, त्यामुळे माझं नाव कॉम्प्युटर. "बाई सांगत व्हत्या, हृदय थकलं की मोठ्या माणसाची कामं करणारी जनुकं गप्प बसत्यात, अन् पोटातल्या बाळाची उठत्यात. हृदय म्हाताऱ्याचं अन् कारभार बाळाचा. यंत्र मानवलं तर उलटं व्हतं. आता यंत्र नुसतं ढकलतंय, का हृदय आतनं सुधारतंय, ते दुसरी कणी सांगंल."

जनुकं तीच राहतात, फक्त कुणी बोलतं, कुणी गप्प बसतं! हे ऐकून मी इतका पेटलो की कंपनीची बस माझ्यादेखत निघून गेली. दुसरी कणी दिल्यावर तर मी रोज विचारायचो, "आला का निकाल?" दहावीच्या निकालाचीही मी इतकी वाट पाहिली नव्हती.

एका शनिवारी अण्णा दार न वाजवताच आत आले. हातात कागद. त्यावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने, आणि बाईंनी पेनाने काढलेले बाण. गप्प बसलेली जनुकं बोलायला लागली होती, नको ती उठलेली पुन्हा झोपली होती. हृदय खरंच आतून सुधारत होतं. मी तर नाचायचाच बाकी होतो. चहा टाकला.

अण्णा कागदाकडे बघत बसले.

"या पहिल्या रकान्याला शांता होती. बाहेर बाकड्यावर, माझी टोपी धरून." अण्णांची बायको मी इथे येण्याआधीच वारली होती, एवढंच मला ठाऊक होतं. "दुसऱ्याला न्हवती. मधेच गेली. ती गेली, अन् हे हृदय बरं झालं. मापात पाप तर न्हाय ना, कॉम्प्युटर?"

मी चहा त्यांच्यापुढे ठेवला. फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अण्णा, वजन रोज पुकारता कशाला?"

"यार्डात तोलणारा स्वतः लिवत न्हाय. तो पुकारतो, लिवणारा दुसरा. त्यानं आकडा परत बोलला की माप खरं. घरी ही लिवायची, कॅलेंडरवर. स्वैपाकघरातनं आवाज द्यायची, 'लिवलं.'"

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेसहाला पलीकडे लोखंडी माप काट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णा गॅलरीत आले.

"एकसष्ट नऊशे!"

मी माझ्या गॅलरीत कॅलेंडर घेऊन उभाच होतो. "एकसष्ट नऊशे," मी म्हणालो. "लिहिलं."

अण्णा कठड्यावरून माझ्या कॅलेंडरकडे वाकले.

"पेनानं लिवलं न्हवं? मापात पाप नको."