‘संगीत पाणवठा’मधला राहून गेलेला तपशील

एका जंगलात, बाळांनो, घरांना भिंती नव्हत्या, पण शेजार मात्र पक्का होता. कुणाच्या बिळात काय शिजतंय, हे त्याच्या आधी पलीकडच्या बिळाला कळायचं.

मी त्याच जंगलातली सशीण. देवाने कान लांब दिलेत, त्याला मी काय करू? वापरायचे नाहीत तर काय वाळत घालायचे?

तर एक दिवस मी वेळूच्या बेटामागे कोवळं गवत खुडत होते. पलीकडे दोघं बोलत होते. एक होता काटदरे साळिंदर, जंगलातल्या एकुलत्या एक नाटक कंपनीचा मालक. दुसरे होते हुप्पे सर. हे वानर. काळं तोंड, करडे केस, नि शेपटी अशी लांब की सर फांदीवर बसले की टोक खाली जमिनीशी गप्पा मारायचं.

काटदरे म्हणत होता, “म्हणजे सर, पाडव्याच्या खेळात शेवटी पट्टेकर खरोखर खाणार, आणि तेही...”

तेवढ्यात पोपटांचा थवा आला. असा कलकलाट झाला, की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आता अर्धी बातमी पोटात ठेवून कुणाला चैन पडतं का? पट्टेकर म्हणजे वाघ. नाटकाच्या शेवटी त्याच्यासमोर उभी असते ती ठिपकी हरणी. आणि ठिपकी माझी शेजारीण. तिच्या झुडपाची मागची बाजू ती माझ्या झुडपाची पुढची. मी ओढ्यापर्यंत पोचले, तोवर बातमी आपोआप पूर्ण झाली होती. पट्टेकर ठिपकीला खाणार!

पण थांबा. आधी नाटकाचं सांगते, नाही तर तुम्ही मध्येच विचाराल.

त्या जंगलात कासवआबांनी एक कादंबरी लिहिली होती. ‘पाणवठा आणि पाणवठा’. ही एवढी जाड. जंगलात तिचा फार मान. प्रत्येकाने ती वाचलेली होती. म्हणजे प्रत्येक जण तसं म्हणायचा. प्रत एकच होती, वडाच्या ढोलीतल्या वाचनालयात. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवली फक्त वाळवीने. पुठ्ठासुद्धा सोडला नाही. इतका मन लावून वाचणारा आबांना दुसरा कुणी मिळाला नाही.

काटदऱ्याने त्या कादंबरीवर संगीत नाटक बसवायचं ठरवलं. रीत म्हणून तो आबांकडे गेला.

“आबा, वाघ-हरणीची गोष्ट घेतलीय. बरोबर आहे ना?”

आबांनी मान आत घेतली. विचार करायला. आबांना पावसाळ्यात काही विचारलं, की उत्तर उन्हाळ्यात येतं. नाटकवाल्यांना एवढा धीर कुठला? काटदऱ्याने नाटक लावलं.

आणि काय सुरेख नाटक होतं हो ते! वाघ पाणवठ्याचा राजा. हरणी तहानलेली. तो पाणी पिऊ देत नाही. ती गाते. तो चिडतो. ती आणखी गाते. शेवटी राजाचं मन द्रवतं आणि दोघं एकाच पाण्याला तोंड लावतात. संपलं. दुपारी तिसरी घंटा झाली, की सूर्य कलायच्या आत आपण आपले घरी. ‘पाणी थोडं, तहान मोठी’ हे ठिपकीचं पद आलं, की ‘वन्समोर, वन्समोर’ करून पब्लिक घसा कोरडा करायचं. तबल्यावरचा डुरक्या बेडूक तर रडत रडत ठेका धरायचा.

वाघासमोर हरणी कशी उभी राहते, असं विचारताय ना? कंपनीचा नियम होता. पट्टेकरने खेळाला पोटभर जेवून यायचं. तोही बिचारा पलीकडच्या जंगलात जाऊन जेवून यायचा. म्हणायचा, “आपल्या जंगलात ओळखी फार. घास उतरत नाही.”

असं सगळं छान चाललं होतं. आणि एका खेळानंतर हुप्पे सर फांदीवरून म्हणाले, “छान. गोड. पण मूळ कादंबरीत हरणीचा डावा कान फाटलेला आहे.”

काटदऱ्याचे काटे खाली पडले. आजूबाजूला माना डोलू लागल्या. “हो हो, फाटलेला आहे खरा.” खरं सांगते, मीही डोलावली. सगळे डोलावताहेत म्हटल्यावर आपण एकट्याने ताठ बसायचं, बरं दिसतं का ते?

दुसऱ्या खेळात ठिपकीच्या कानाला लाल माती लावली. सर म्हणाले, “आता कसं मुळाबरहुकूम वाटतं. पण कादंबरीत पाणवठ्याला चिखल आहे.”

चिखल आणला. डुरक्याचा तबला त्यात रुतला. डुरक्याला चिखल आवडतो, पण तबल्याला नाही ना आवडत.

मग सर म्हणाले, “कादंबरीत उन्हाळ्याचं वर्णन आहे. चांगलं प्रकरणभर.” म्हणून एक बगळा मध्ये उभा करून त्याच्याकडून ऊन बोलून घेतलं. तो इतका वेळ बोलला, की पहिल्या रांगेतल्या तितराला खरंच घेरी आली. सर म्हणाले, “याला म्हणतात परिणाम.”

एवढं झाल्यावर जंगल काय गप्प बसतंय? रानडुक्करीणबाई कंपनीत आल्या त्या तडक मालकाकडे.

“काटदरे, कादंबरीत माझ्या मावशीचा उल्लेख आहे. नाटकात कुठाय?”

“बाई, मला आठवत नाही.”

“आठवत नाही? म्हणजे वाचली नाहीत?”

काटदरे घाबरला. “वाचली म्हणजे काय! मावशीच ना? पाणवठा ओलांडून जाते, ती?”

“एकटी कशी जाईल? लेकरांबाळांसकट जाते.”

झालं. पुढच्या खेळापासून डुकरांचा अख्खा कबिला रंगमंचावरून जाऊ लागला. मुंगसाचे आजोबा आले. घोरपडीचं माहेर आलं. जो तो आपलं माणूस कादंबरीत असल्याचं सांगायचा आणि काटदरे त्याला नाटकात घ्यायचा. नाटक दुपारचं सकाळवर आलं. सकाळी घंटा झाली, की पडदा पडायचा तो सूर्य बुडताना. जागा पुरेना, तशी गाणी काढली. सर म्हणालेच होते, “कादंबरीत कुणी गात नाही.” शेवटी ठिपकीचं एकच पद उरलं. त्याचंही एकच कडवं.

आणि मग वेळूच्या बेटामागची ती गोष्ट.

मी धापा टाकत ठिपकीकडे गेले. ती कानाची माती धूत होती.

“ठिपके, ऐकलंस का? पाडव्याला पट्टेकर तुला खाणार आहे. खरोखर.”

“कळलं, काकू. सरांनीच सांगितलं. मूळ कादंबरीत वाघ हरणीला खातो म्हणे.”

“आणि तू कान धूत बसलीस? काम सोड!”

“सोडलं तर माझी जाऊ उभी राहील. टपलीच आहे ती. झुडपाआड माझं कडवं घोकते.”

“राहू दे तिला. तिचा आवाज ऐकून वाघच पळेल.”

ठिपकी हसली, पण डोळे हसत नव्हते. “काकू, सहा पदं होती माझी. एक कडवं उरलंय. तेही दिलं तर मी कोण? ओढ्यावर पाणी पिणारी आणखी एक हरणी. बाकी पट्टेकरभाऊंनी शब्द दिलाय. म्हणाले, नुसते दात टेकवीन.”

मी लगोलग पट्टेकरकडे गेले. तसा मनाचा चांगला हो तो. म्हणाला, “काकू, मी कलावंत आहे. ठिपकीला बहीण मानतो. पण खेळ दिवसभराचा झालाय. पहाटेचं जेवण दुपारीच जिरतं. त्यात ती डुकरं माझ्या नाकासमोरून जातात आणि मला तिकडं बघायचं नाही. सर म्हणतात, कादंबरीतला वाघ विरक्त आहे.”

“मग मध्ये काही खाऊन घे की.”

“कादंबरीत तो मध्ये काही खात नाही.”

मी तशीच परत फिरले.

पाडवा आला. अख्खं जंगल लोटलं. बातमी सगळीकडे गेली होती. कशी गेली ते मला विचारू नका. आजवर वाघाच्या भीतीने मागे बसणारी मंडळीही पुढची जागा धरून बसली. हुप्पे सर रंगमंचावरच्या जांभळीच्या फांदीवर नेहमीसारखे विराजमान. शेपटी खाली मोकळी सोडलेली.

बगळा ऊन बोलला. मुंगसाचे आजोबा खोकले. घोरपडीचं माहेर आलं, चहापाणी घेऊन गेलं. डुकरं गेली, हळूहळू, लेकरांबाळांसकट. पट्टेकर विरक्तपणे दुसरीकडे बघत होता आणि त्याच्या तोंडातून पाण्याची धार लागली होती. पब्लिकला वाटलं, काय अभिनय आहे!

सूर्य टेकला. शेवटचा प्रवेश. गुरगुर ऐकू आली. ती गळ्यातली नव्हती, पोटातली होती. डुरक्याने घाबरून तिच्यावरच ठेका धरला.

ठिपकी पुढे आली. कडवं सुरू केलं. “पाणी थोडं, तहान मोठी...” पण कुणाचं लक्ष गाण्याकडे नव्हतं. सगळे पट्टेकरच्या जबड्याकडे बघत होते. कुणी ‘वन्समोर’ म्हटलं नाही. ज्या गाण्यासाठी तिने जीव पणाला लावला होता, ते कुणी ऐकतच नव्हतं. तिने ते पाहिलं. पट्टेकरचे डोळेही पाहिले. त्यात बहीण कुठे दिसत नव्हती.

ती अर्ध्या ओळीवर थांबली.

“काटदरेमामा,” ती म्हणाली, “एक बारीकसा तपशील राहिला हो.”

विंगेतून काटदऱ्याने डोकं बाहेर काढलं. “आता कोणता?”

“वाघ हरणीला खातो हे बरोबर. पण मूळ कादंबरीत तो आधी वरच्या फांदीवरच्या वानराची शेपटी खातो. मग हरणीला. असं एकदम हरणीला नाही खात.” तिने वर पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, “सरांना आठवत असेलच. की सरांनी वाचलं नाही ते प्रकरण?”

सगळ्या माना वर गेल्या.

बाळांनो, सरांचं तोंड आधीच काळं. तरी ते पांढरं पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. एक शब्द बोलायचा होता त्यांना. ‘नाही’ म्हणायचं होतं नुसतं. पण नाही म्हटलं, तर पब्लिक विचारणार, मग कादंबरीत काय आहे? आणि कान, चिखल, ऊन, सगळंच वर येणार.

“अं... आहे,” सर म्हणाले. “एकतिसाव्या प्रकरणात. फारच हृद्य प्रसंग आहे तो.”

सगळ्या माना डोलल्या. “हो हो, एकतिसाव्यात.”

पट्टेकर बिचारा सांगकाम्या नट. शिवाय उपाशी. त्याने उडी मारली.

आणि सरांनी जी किंकाळी फोडली, बाळांनो! त्या रंगमंचावर एवढा वरचा सूर आजवर कुणाचा लागला नव्हता. मग अख्खं जंगल उठून ओरडायला लागलं, “वन्समोर! वन्समोर!”

पट्टेकर नम्रपणे वाकला आणि उरलेल्या शेपटीकडे वळला.

सर फांदीला घट्ट मिठी मारून ओरडले, “कादंबरीत एकदाच आहे! एकदाच!”

या गोंधळात ठिपकी कधीच ओढा पार झाली होती. आणि ती नसती गेली, तरी पट्टेकरकडून काही होणार नव्हतं. सरांच्या शेपटीचे केस त्याच्या घशात अडकले. दोन दिवस उचक्या देत होता. तेव्हापासून त्याने वानर सोडलंय.

आता पुढचं ऐका. वैशाखात कासवआबांनी मान बाहेर काढली. काटदरे समोरच होता.

“तू विचारत होतास ना,” आबा म्हणाले, “वाघ-हरणीची गोष्ट बरोबर आहे का. अरे, माझ्या कादंबरीत वाघ नाही. हरणी नाही. वानर तर नाहीच नाही. दोन पाणवठे आहेत. एक भरलेला असतो, एक आटतो. बस.”

काटदरे धावत वडाखाली आला आणि त्याने ते सगळ्यांना सांगितलं. हुप्पे सर तिथेच होते. शेपटीच्या बुडख्याला पाला बांधलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो दाखवायचे. “बघा, मूळ कादंबरीतला आहे.”

सरांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, “आबा थोर आहेत. पण त्यांनी स्वतःची कादंबरी नीट वाचलेली दिसत नाही.”

सगळ्या माना डोलल्या. “हो हो, दिसत नाही खरी.”

ठिपकी आता ओढ्याकाठी गाते. सहाच्या सहा पदं. चिखल नाही, बगळा नाही, जाऊ मात्र असते. मागून सूर धरायचा प्रयत्न करते. मी रोज संध्याकाळी जाते आणि एकटीच ‘वन्समोर’ ओरडते.

आणि माझ्या बातमीला कुणी खोटं म्हणू नका. पट्टेकर पाडव्याला खरोखर खाणार होता, आणि त्याने खाल्लं. फक्त कुणाला, एवढंच जरा इकडचं तिकडे झालं.

तात्पर्य : न वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलताना मुळीच घाबरू नये. फक्त बोलण्याआधी शेपटी वर ओढून घ्यावी.