तुकाअण्णांची न निघालेली लाँच

तुकाअण्णा वेदगंगेतल्या लाँचमधल्या जागा वाटायचे. लाँच नव्हती. उन्हाळ्यात आमच्या नदीत म्हशीचे गुडघेही धड भिजत नसत. पण नद्यांतले खडक फोडून, गाळ काढून नावा चालवायचा कायदा राज्याने केला होता आणि तो मंजुरीसाठी दिल्लीला गेला होता. अण्णांना तेवढं पुरेसं होतं.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून निवृत्त झालेले अण्णा रोज संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडं अंथरायचे आणि अर्धा गाव त्यावर येऊन बसायचा.

"अण्णा, मंजुरी आली काय?"

"दिल्ली लई लांब हाय रं. धीर धर."

मग जागांचं वाटप. लाँचवरची पाटी मराठीत की कन्नडात, यावरून एकदा दोघे हातघाईवर आले. अण्णांनी निकाल दिला, "पाटीच नगं. भोंगा वाजवू." दोन सरकारांना जमलं नाही ते भोंग्यावर मिटलं.

माझा मात्र जळफळाट व्हायचा. सरकारी कचेरीत कारकून मी, पेपर येतो माझ्या घरी, आणि बातमी विचारायला आमची हीसुद्धा अण्णांकडे! वर तिला खिडकीची जागा आणि मला इंजिनाशेजारची. "तू हापिसातला, तुला खडखडाटाची सवय हाय," म्हणे. जेवताना मला त्या नसलेल्या इंजिनाची धग लागायची.

एक दिवस कचेरीत कळलं, कायद्याला दिल्लीची मंजुरी मिळाली. म्हटलं, आता मोडते ही मैफल! सायकल दामटत थेट अण्णांचं दार गाठलं. ते घोंगडं झटकत होते.

"अण्णा, आली मंजुरी!"

अण्णा घोंगड्याची घडी घालू लागले. "मग उद्यापासनं हितं कोन येनार रं? तुझी काकी गेल्यापासनं ह्या घरात मानसाचा आवाज म्हंजे तुमचाच."

मला फार वाईट वाटलं.

"नुसत्या मंजुरीनं काय होतंय अण्णा?" मी म्हटलं. "नियम व्हायचे हायत अजून. त्याबिगर कायदा लागू होत न्हाय."

"नियमांना लई येळ लागतोय?"

"लई."

अण्णांनी घोंगडं अंथरलं. तेवढ्यात मंडळी आलीच, त्यांत आमची हीसुद्धा.

"आली काय मंजुरी, अण्णा?"

"मंजुरीचं काय घिऊन बसलाय येड्यांनो! नियम कुठं झाल्यात अजून?"

मंडळी थक्क झाली. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा, शिका जरा. अण्णांना कायद्यातलं किती कळतं!"

जळलो, पुरता जळलो. पण तोंड उघडलं नाही.