मुसळाची नेमबाजी

नेमबाजीला दोनच गोष्टी लागतात, नजर आणि खांदा. खांद्याचं पुढे सांगतो, पण नजरेचं मला कोणी शिकवू नये. चंद्रपुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. अर्ध्या बाजाराला नजर मीच वाटतो! तेव्हा सासऱ्यांची बाराबोर बंदूक शेवटी माझ्याच नावावर होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

माझे सासरे बापूजी. मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला त्यांचं धानाचं शेत आहे आणि धान पिकला की जंगलातून रानडुकरं जेवायला येतात. म्हणून पीकरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे ही जुनी दुनळी. दिवाळीला सगळे जमलो असताना बापूजींनी हात धुता धुता जाहीर केलं, "माह्या डोळ्याले आता बराबर दिसत नाई. बंदूक कोनाच्या तरी नावानं करा लागते. प्रफुल हाय, जवाई हाय. ज्याच्या हाती शोभंल, त्याची."

प्रफुल म्हणजे माझा साळा. ट्रॅक्टर चालवतो, पोतं एका हाताने उचलतो. आणि मी? लग्नात वरातीच्या बैलाने नुसती मान हलवली तर मी मांडवाच्या खांबावर चढलो होतो. या गावात माझी ओळख एवढीच आहे. पाटावर पहिला मान जावयाचा, वाढतातही भरभरून, पण वाढणारीच्या ओठांच्या कोपऱ्यात तो खांब दिसतो. मला ती बंदूक हवी होती ती डुकरांसाठी नव्हे. तो खांब पुसण्यासाठी हवी होती.

मी अभ्यासाला लागलो. मोबाईलवर सगळं मिळतं. परदेशात हिरव्यागार मैदानावर साहेब लोक टोप्या घालून उभे राहतात, यंत्रातून मातीची नारिंगी तबकडी सुटते, ते अलगद वळतात आणि तबकडीची धूळ होते. बघताना मी दुकानात हरवून जायचो. एका काकांना दूरच्या नंबरऐवजी जवळचा चष्मा दिला, ते बिचारे रस्त्याला हात जोडत घरी गेले. पण विद्या मिळाली. तबकडी आहे तिथे नेम धरायचा नाही, ती जिथे जाणार तिथे धरायचा. गाल कुंद्याला, म्हणजे बंदुकीच्या लाकडी दस्त्याला, चिकटवायचा. आणि बंदूक निवडायची ती कपड्यासारखी, मापाने. कुंदा कोपराच्या खोबणीत ठेवून बोट बरोबर चापावर पोचलं पाहिजे.

सरावासाठी सासुरवाडीला पोचलो तर बंदूक नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, तालुक्यातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा.

"मंग आता?" प्रफुल हसला.

"मंग काय? बंदूक ही मनात असते," मी म्हणालो आणि सासूबाईंच्या कांडणाच्या खोलीत शिरलो. तिथे तीन मुसळं होती. एक जाड, ते खांद्याला रुतलं. एक आखूड, त्यात बोट चाप असायला हवा त्याच्या पुढे जात होतं. तिसरं मात्र माझ्यासाठीच घडवल्यासारखं! तेल पिऊन काळं झालेलं, टोकाला लोखंडी कडं, गालाला गार लागणारं. मी ते डोळे मिटून खांद्याला लावलं आणि मला टाळ्या ऐकू आल्या.

राहता राहिल्या तबकड्या. त्या परसात रचूनच ठेवलेल्या होत्या. सासूबाई सुगंधाबाई गोवऱ्या थापतात त्या काय गोल, काय पातळ! साहेब लोकांनी एकदा बघाव्यात.

मग दर रविवारी पहिली बस पकडून मी गावी जायचो. नदीवरून धुकं शेतात उतरलेलं असायचं, पिकल्या धानाचा गोड वास, बांधावर बगळे झोपेत उभे. धुऱ्याच्या उंच बांधामागून प्रफुल गंमत म्हणून गोवरी भिरकावायचा. ती धुक्यातून वर यायची, क्षणभर उन्हात सोनेरी व्हायची, मी अलगद वळायचो, मुसळ तिच्या पुढे न्यायचो आणि तोंडाने म्हणायचो, "ठो!"

काय सांगू, त्या महिन्यात माझा एकही नेम चुकला नाही. गोवरी माझ्या डोळ्यांदेखत नारिंगी धूळ होऊन धुक्यात विरघळायची. खाली पडायची ती अख्खीच, पण मी तिकडे बघतच नव्हतो. इतका सुखी मी लग्नानंतर प्रथमच झालो होतो. हे रीताला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगू नका.

तिला कळायचं ते कळलंच. शेजारची बुधरीबाई धुक्यात धान पाहायला आली आणि तिने जे पाहिलं ते दुपारपर्यंत गावभर झालं.

"सुगंधाबाई, तुह्या जवायाले काई झालं का वं?" तिने अंगणात येऊन विचारलं. "मुसळ घेऊन शेणाच्या गोवऱ्यायवर ओरडून राह्यला."

सासूबाई आधी परसात गेल्या. ढीग शेतात गेलेला, तिथे मोकळी जागा होती. परत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "झालं नसंल तं आता होईन."

संध्याकाळी त्यांनी माझ्यावरून मीठ-मिरची उतरवली. दिवाळीपासून माहेरीच असलेली रीता दारात उभी होती. "का जी, हे कवापर्यंत चालनार हाय?"

"बंदूक सुटेपर्यंत," मी मिरचीच्या धुरात खोकत म्हणालो. पण निघताना तिने मुसळाला तेल लावून ठेवलेलं मला दिसलं.

निवडणूक झाली, बंदूक ठाण्यातून घरी आली. बापूजींनी दिवस ठरवला. जागा नदीकाठची, समोर नुसती वाळू आणि पाणी, माणूस ना ढोर. बघायला मात्र पाठीमागे सगळं गाव. बापूजी स्वतः शेजारी उभे राहणार, काडतूस तेच भरणार.

आधी प्रफुल. गोवरी मी फेकली. धडाम! गोवरीचा चुरा झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पण आवाजाने काठच्या बाभळीतून एक मोर फडफडत उठला, आणि शिट्ट्यांनी चढलेल्या प्रफुलची दुसरी नळी आपोआप त्याच्या मागे वळली.

"अबे!" बापूजींनी नळी खालून धरून आभाळाकडे रेटली. गोळी ढगात गेली. मोर पलीकडच्या काठाला गेला. बापूजींनी बंदूक काढून घेतली, चेहरा पांढरा पडला होता.

"मजाक होये, बाबा," प्रफुल पुटपुटला.

"तुही मजाक होये. जेलात मले जा लागते."

मग बंदूक माझ्या हातात आली. मुसळापेक्षा थोडी हलकीच वाटली. कुंदा कोपरात मावला, गाल चिकटला. मागे गाव होतं, रीता होती, तो खांब होता. आणि तेवढ्यात नदीवरून धुक्याचा एक झिरझिरीत पदर सरकत आला आणि सगळं नाहीसं झालं. हिरवं मैदान आलं. प्रफुलने गोवरी फेकली. ती वर चढली, उन्हात सोनेरी झाली. मी अलगद वळलो. नळी तिच्या पुढे गेली. माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर नेम होता तो, आणि अगदी योग्य क्षणी मी मोठ्याने म्हणालो,

"ठो!"

गोवरी खाली येऊन बापूजींच्या चपलेवर पडली.

मुसळाला चाप नसतो. महिनाभर जो दाबलाच नाही, तो माझ्या बोटाला कुठून आठवणार? बोट चापाबाहेर सरळ, शिस्तीत उभं होतं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा काठ हसू लागला. बुधरीबाई तर वाळूतच बसली. मी बंदूक बापूजींच्या हातात दिली आणि कोणाकडे न बघता घरी आलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

जेवायला मी बसणारच नव्हतो, रीताने ओढून बसवलं. बापूजींनी भात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "बंदूक जवायाच्या नावानं करू."

प्रफुलचा घास हातातच राहिला. माझाही.

"बापूजी, पण माझ्याकडून तर उडालीच नाही," मी म्हणालो.

"तेच तं." त्यांनी माझ्या पानात स्वतः तूप सोडलं. "माही सारी उमर हवेतच गोळी झाडन्यात गेली. एक डुक्कर मारलं नाई. घरात बंदूक हाय येवढं गावाले मालूम असलं का झालं. प्रफुलच्या हाती देली तं मले रातभर झोप नाई येनार. तुमच्या हाती असली का मोर सुखी, डुक्कर सुखी, मी बी सुखी."

"पण मग धान कोण राखणार?"

"त्याले डबा हाय. प्रफुल वाजवते."

रीता पदराआड हसत होती, पण तिने पहिली भाकर माझ्या पानात टाकली. ओठांच्या कोपऱ्यात खांब आहे का ते मी नीट पाहिलं. दिसला नाही. आता तिथे दुसरंच काही होतं, आणि त्याला मी अजून नाव ठेवलेलं नाही.

परवान्यासाठी अर्ज केला आहे. तोवर बंदूक बापूजींच्या ताब्यात, काडतुसं सासूबाईंच्या पेटीत आणि पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. रविवारी पहाटे आम्ही मचाणावर बसतो. धुक्यातून डुकरं येतात, काळी, हळू, स्वप्नातल्यासारखी. बापूजी रिकामी दुनळी माझ्या हाती देतात, मी गाल कुंद्याला लावून अचूक नेम धरतो, आणि प्रफुल जीव खाऊन तेलाचा डबा बडवतो. डुकरं पळून जातात. चंद्रपुरात दुकानावर गिऱ्हाइकांना हा प्रसंग मी रंगवून सांगतो. फक्त डब्याचा भाग गाळतो.