परिषदेला आलेले सांबोलकर

मिस्टर सांबोला स्वतःच्या हाताने दार उघडत नसत. दारापुढे यायचं, हात मागे बांधायचे आणि उभं राहायचं. दार उघडायला कोणी ना कोणी येतंच, असा त्यांचा अनुभव होता. अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हा 'कोणी' बहुधा मीच असे. ऑफिसातून दमून यावं, तर खाली काचेच्या दारापाशी हा थ्री-पीस सुटातला उंच पुतळा उभा.

"किती वेळ उभे आहात?"

"प्रश्न वेळेचा नाही, तत्त्वाचा आहे."

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. इथे मराठीत घालतोय, ते रागावणार नाहीत. स्वतःच्या फ्लॅटचं दार ते नुसतं लोटून ठेवत आणि येताना बुटाच्या टोकाने ढकलत. पाय तत्त्वात बसत नसावा. सुपरमार्केट मात्र त्यांना फार प्रिय. समोर गेलं की दारं आपोआप बाजूला. "या देशात एवढ्या एकाच दुकानाला रीत माहीत आहे," म्हणायचे.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका देशाचे ते माजी उद्योगमंत्री. त्याआधी त्यांनी त्या देशातला पहिला साबणाचा कारखाना काढला होता. "आमचं पामतेल बोटीने बाहेर जायचं आणि साबण होऊन परत यायचं. आपल्याच तेलाने अंग धुवायला आम्ही परक्यांच्या दारात उभे." त्यांच्या साबणावर त्यांचं आडनाव ठसठशीत उठवलेलं असे. पुढे मंत्री झाले, एका परिषदेसाठी न्यूयॉर्कला आले, आणि मागे लष्कराने रेडिओ स्टेशन घेतलं. कारखाना सरकारजमा. रस्त्यावरची त्यांच्या नावाची पाटी उतरली, शाळेच्या पुस्तकातला त्यांच्यावरचा धडाही गेला.

"मग परत कधी जाणार?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "परिषद अजून संपलेली नाही."

आमच्या मराठी मंडळातही सगळेच 'दोन वर्षांत परत' जाणारे, त्यामुळे ते आमच्यात छान मिसळले. गणपतीला बक्षीस समारंभासाठी मी त्यांनाच नेलं. आमचे सेक्रेटरी बापट यांना परकं आडनाव पेलत नाही. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर छापून टाकलं, 'प्रमुख पाहुणे : उद्योगपती श्री. सांबोलकर'. हॉलमध्ये गोखलेकाकूंनी मला बाजूला घेतलं.

"अरे, हे सांबोल कुठे आलं? रत्नागिरीकडे का?"

"काकू, त्यांच्याकडे बघा तरी."

"बघितलं. उन्हातान्हात हिंडले असतील. पण नाव आपलंच आहे."

मी मिस्टर सांबोलांना या 'कर'चा अर्थ सांगितला. मला वाटलं होतं, हसतील. ते गंभीर झाले. "म्हणजे 'कर' लावला की माणूस कुठल्यातरी गावचा होतो?"

"होतो."

"फुकट?"

"बापटांच्या कृपेने."

"नोंद घेतली," ते म्हणाले. पुढे मंडळात कोणी भेटलं की हात पुढे करून स्वतःच सांगायचे, "सांबोलकर."

एकदा माझ्या बायकोच्या लायब्ररीत एक विद्यार्थिनी आली. नेमकी त्यांच्याच देशातली, नुकतीच आलेली. मला अशा गोष्टी रंगवायला फार आवडतात. मी दोघांनाही चहाला बोलावलं आणि कोणालाच काही सांगितलं नाही. ती आली, बसली. पडदा वर करावा तसा मी हात केला. "आणि हे मिस्टर सांबोला."

ती ओठांवर हात ठेवून हसली. "माफ करा. आमच्याकडे साबणाला सांबोला म्हणतात. आई सांगायची, जा, दोन सांबोला घेऊन ये."

"साबणाला ते नाव कशावरून पडलं?" मी विचारलं.

"कशावरून म्हणजे? साबणाला सांबोलाच म्हणतात."

मिस्टर सांबोलांनी कप खाली ठेवला. "फेस चांगला येतो का?"

"आता बरा येतो. आमच्याकडचा कारखाना तर बंदच पडला, हल्ली परदेशातून बोटीने येतो. पण आम्ही सांबोलाच म्हणतो." मग तिने भीत भीत विचारलं, "तुमचं नाव खरंच सांबोला आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा तळवा माझ्या गुडघ्यावर आला.

"नाही बेटा. हे शेजारी अर्धवट उच्चार करतात. सांबोलकर. यांच्या मुलखातला आहे मी. रत्नागिरीकडचा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मग त्यांनी तिच्या आईची चौकशी केली, अभ्यासाची केली. ती निघाली तसे ते माझ्याआधी उठले, पुढे झाले, मूठ फिरवली आणि दार उघडून धरलं. स्वतःच्या हाताने. "सावकाश उतर. बाहेर पायऱ्यांवर बर्फ आहे."

तिची पावलं खाली गेली. ते तसेच दार धरून उभे होते. गार वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"मी लावतो," मी म्हटलं.

"राहू दे उघडं," ते म्हणाले. "परिषद संपली. लोक बाहेर पडतील."