दाढेच्या न्यूरॉनांची वाढती संख्या

या जगात बिनकामाचं असं काहीच नसतं. ज्याचं काम कळत नाही, त्याची नोंद व्हायची राहिलेली असते, एवढंच. याच उदात्त भूमिकेतून न्यूरॉन वर्गीकरण कार्यालयाची स्थापना झाली. माणसासारखं बोलणारं जे यंत्र हल्ली घरोघरी सल्ले देतं, त्याच्या पोटात न्यूरॉन नावाचे लाखो बारीक ठिपके असतात. यंत्राला एखादं वाक्य वाचायला दिलं की त्यातले काही पेटतात, बाकीचे गप्प बसतात. कोण कशासाठी पेटतो, हे यंत्र बनवणाऱ्यांनाही ठाऊक नाही. (हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केल्यामुळे त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. अनुदानही.)

कामाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. ज्या वाक्यांना एखादा न्यूरॉन सगळ्यात जास्त पेटला, ती वाक्यं पडद्यावर येत. कर्मचाऱ्याने ती वाचायची, डोकं खाजवायचं (ऐच्छिक) आणि त्या न्यूरॉनचं काम एका ओळीत लिहायचं. एका न्यूरॉनला एकच काम, हा नियम. मग लिहिलेलं बरोबर आहे का, हे त्याच यंत्राला विचारायचं. यंत्र स्वभावाने नम्र असल्यामुळे ‘अगदी मार्मिक निरीक्षण’ असं उत्तर देई. अचूकतेचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के होतं. उरलेल्या दोन टक्क्यांच्या वेळी वीज गेली होती.

सतरा टक्के न्यूरॉन कशानेच पेटत नसत. त्यांना ‘मृत’ म्हणावं, अशी सूचना आली होती; पण कर्मचारी संघटनेने तीव्र हरकत घेतली आणि ‘अनुभवी’ हा शब्द रूढ झाला.

या कार्यालयात खिडकीजवळ एक कनिष्ठ वर्गीकरणकार बसत. वय चोपन्न. शेजारच्या टेबलावर त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वरिष्ठ वर्गीकरणकार होता. काचेचे ग्लास, सासरे आणि निवडणुकीचे निकाल या तिन्हींना पेटणारा एक न्यूरॉन वर्षभर कोणाला दाद देत नव्हता. मेहुण्याने त्याच्यापुढे ‘जपून हाताळण्याच्या बाबी’ असं लिहिलं आणि त्याची बढती झाली. तेव्हापासून तो जेवायला आला की घरातला टेबलफॅन त्याच्याकडे वळवला जाई. कनिष्ठांना हे फार लागायचं, पण फॅनबद्दल तक्रार करायची तरी कोणाकडे.

बढतीची यंदाची संधी शेवटची होती, आणि नेमकी तेव्हाच त्यांची दाढ दुखायला लागली.

“अहो, एकदा दाखवून तर या,” बायको म्हणाली.

“बढतीचं होऊ दे, मग बघू,” ते एका गालाने म्हणाले. दातांच्या डॉक्टरला ते लहानपणापासून टरकून होते.

त्या दिवशी पडद्यावर वाक्यं आली: ‘रस्त्यात खोल खड्डा पडला आहे.’ ‘तिने आइस्क्रीम नको म्हटलं.’ ‘हे तण मुळापासून उपटायला हवं.’ कनिष्ठांनी क्षणाचाही विलंब न लावता लिहिलं, ‘दाढ’. पुढचा न्यूरॉन ‘भाडेकरू काही केल्या जागा सोडत नाही’ या वाक्याला पेटत होता. त्यांनी लिहिलं, ‘दाढ (खालची, डावी)’. महिनाअखेर अशा न्यूरॉनांची संख्या त्रेसष्टवर गेली. यंत्राने प्रत्येक वेळी कौतुक केलं. एकदा तर ‘हे वाचून मीही अंतर्मुख झालो’ असंही कळवलं.

आढावा घ्यायला मेहुणाच होता.

“भावोजी, ही सगळी दाढच?”

“तूच वाचून बघ की.”

मेहुण्याने वाक्यं वाचली. “छे हो, दाढ कुठली? ही तर सरळसरळ साहेबांची खुर्ची आहे.” मग खुद्द साहेब आले, त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि हा निवृत्तीनंतरच्या घराचा विषय असल्याचं सांगितलं. तिघेही एकाच पडद्याकडे बघत आणि एकमेकांची कीव करत बराच वेळ उभे राहिले. अखेर साहेबांनी निर्णय दिला: अचूकतेत सगळेच सारखे, पण सातत्यात कनिष्ठांचा हात धरणारं कोणी नाही. बढतीची शिफारस झाली. सोमवारी सगळ्यांसमोर एका न्यूरॉनचं काम सांगायचं, एवढंच बाकी होतं.

“वरिष्ठ माणूस गाल धरून बसणार का चारचौघांत?” असं म्हणून रविवारी बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं आणि दाढ काढूनच परत आणलं.

सोमवारी साहेब आणि मेहुणा मागे उभे राहिले. पडद्यावर वाक्यं आली:

‘दुकान आज लवकर बंद झालं.’
‘पायऱ्या ओल्या आहेत, जपून.’
‘मघाशी आईचा फोन येऊन गेला.’
‘जाऊ दे, नंतर बोलू.’

कनिष्ठांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. जीभ रिकाम्या जागेकडे गेली; तिथे काहीच नव्हतं. पडद्यावरही नव्हतं. दुकान हे दुकान होतं आणि पायऱ्या ओल्या होत्या. त्यांना आधी घाम फुटला, मग फार हलकं वाटलं. त्यांनी लिहिलं, ‘माहीत नाही.’

यंत्राने प्रथमच कौतुक केलं नाही. ‘कृपया काहीतरी लिहा,’ असं कळवलं. साहेबांनी मनापासून खेद व्यक्त केला आणि शिफारस मागे घेतली.

बायकोने सगळं ऐकून घेतलं.

“दुखत नाही ना आता?”

“नाही.”

“मग जेवा,” ती म्हणाली आणि तिने फॅन त्यांच्याकडे वळवला.

त्या न्यूरॉनसमोरची जागा अजून रिकामी आहे. वरची चार वाक्यं वाचताना तुम्ही मनातल्या मनात ती भरून टाकलीत, हे कार्यालयाला अपेक्षितच होतं. उत्तर कळवायची गरज नाही. फक्त जे काही सुचलं असेल, ते एकदा कोणाला तरी दाखवून या.