एका दाढेला एक लिली

नर्सरीवाल्याने वॉटर लिलीची किंमत सांगितली आणि कॅशियरच्या तोंडात काहीतरी कट्कन मोडलं.

या नर्सरीत गिऱ्हाइकाच्या हातावर आधी टॉफी ठेवायचे. टॉफी चिकट, किंमत कडक, आणि दोन्ही एकाच वेळी दातांत अडकल्या. कॅशियरने तोंडातून टॉफी काढून पाहिली. तिच्यात त्याच्या दाढेचा तुकडा होता.

"अहो, एवढ्यात नवी इस्त्री येते!" तो गाल धरून म्हणाला.

"इस्त्रीला फूल येतं का, साहेब?"

"स्वस्तातलं काही दाखवा."

नर्सरीवाल्याने हिरव्या पाण्याची एक पिशवी समोर धरली.

"हे शेवाळ आहे."

"तुमच्याकडे शेवाळ. आमच्याकडे याला तरंगता गालिचा म्हणतात. आणि शेवटचीच पिशवी आहे, बघा."

कॅशियर रिकाम्या हाताने आणि भरल्या गालाने बाहेर पडला. दिवसभर बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजणारा हा माणूस पानाफुलांवर पैसे उधळणारा मुळीच नव्हता. पण लिली हवी होती बेडकासाठी. आणि बेडूक हवा होता अप्पांसाठी.

अप्पा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. दारात उभे राहून 'पुढे सरका' म्हणाले, की पार ड्रायव्हरसुद्धा पुढे सरकायचा. पण दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि अप्पांचं बोलणं हळूहळू आटत गेलं. काहीतरी पुटपुटायचे, कुणीतरी "काय?" विचारायचं, मग हात हलवून गप्प बसायचे. तोंडात दोनच दात शिल्लक होते, आणि त्यांचीही एकमेकांशी गाठ पडत नव्हती. कवळीचं नाव काढलं की अप्पा उठून दुसऱ्या खोलीत जात.

अशात मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या उघड्या टाकीत एक बेडूक राहायला आला. कुठून आला, कुणी पाहिलं नाही. अप्पा मात्र दुसऱ्याच दिवशी स्टूल घेऊन टाकीशी जाऊन बसले आणि बोलायला लागले. चांगले हातवारे करून! स्वयंपाकघराच्या खिडकीतून शब्द काही कळत नव्हते, पण अप्पा बोलतायत एवढं कळलं तरी सून हातातलं काम टाकून तिथेच उभी राहायची.

अडचण एकच होती. टाकीत सावली नव्हती. दुपारी पाणी तापलं की बेडूक टुणकन उडी मारून शेजाऱ्यांच्या मोरीत जायचा. एकदा दिवसभर परत आला नाही, तर अप्पा जेवले नाहीत. कॅशियरने टाकीवर छत्री बांधून पाहिली. ती वाऱ्याने उलटून थेट अप्पांच्या डोक्यात बसली.

"अहो, छत्री नको, पानं हवीत पाण्यात," बायको म्हणाली. "तो बेडूक कायमचा गेला ना, तर अप्पा परत मुके होतील. मग मला सांगू नका."

तर असा तो नर्सरीत गेला होता, आणि तिथून थेट दाताच्या दवाखान्यात आला. आत पाऊल टाकलं आणि दाढ विसरला. पेशंट बसतात त्या खोलीच्या मधोमध एक हौद होता आणि हौदात नुसती दाटी! लिलीची पानं काठावरून बाहेर डोकावत होती.

"पेशंटना शांत वाटावं म्हणून एक रोप लावलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पाणीच दिसत नाही. पण माझ्याच्याने उपटवत नाही हो. जीव होत नाही."

हे बोलताना त्यांच्या हातात पक्कड होती.

"मला एक विकत द्याल?"

"विकत नाही. बक्षीस देते. जो न ओरडता काम करून घेईल, त्याला एक रोप. मुलांना फुगा, मोठ्यांना लिली. आ करा."

कॅशियरने आ केला. मग जो काही आवाज केला, त्याने बाहेर बसलेल्यांपैकी दोघं उठून घरी गेले. लिली मिळाली नाही. बिल मिळालं.

घरी आल्यावर त्याने बायकोकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

"अगं, तुझी ती अक्कलदाढ…"

"ती मला काही त्रास देत नाही."

"मध्ये देत होती की."

बायकोने खिडकीतून टाकीकडे पाहिलं. बेडूक नव्हता. अप्पा रिकाम्या पाण्याकडे बघत बसले होते. तिने पर्स उचलली.

तिने हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी सुजलेला गाल आणि एक टवटवीत लिली घेऊन परत आली. लिली टाकीत सोडली, दुसऱ्या दुपारी बेडूक आला, पानाखाली शिरला. पण पान बशीएवढं आणि बेडूक चांगला भरलेला. डोकं सावलीत, बाकीचा उन्हात.

"आणखी एक लागेल," कॅशियर म्हणाला आणि शहाण्यासारखा स्वतःच गेला. या वेळी तो ओरडला नाही. मात्र खुर्चीचं हँडल त्याच्या हातात आलं. लिली एक, बिलं दोन: एक दाताचं, एक हँडलचं.

तरी बेडकाची मागची बाजू उन्हातच. तेवढ्यात बायकोचा भाऊ दोन दिवस राहायला आला. हा माणूस चहात साखर घालत नसे, साखरेत चहा घालत असे. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि पाहुण्याला पाणीही न विचारता दवाखान्यात धाडलं.

तासाभराने मेहुणा हसत परत आला. "दाजी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके सुंदर दात त्यांनी आजवर पाहिले नाहीत!"

"आणि लिली?"

"काही करायलाच नव्हतं, तर ओरडणार कशाला आणि न ओरडणार कशाला?"

"एवढं गोड गिळतोस," बहीण कडाडली, "आणि एक कीड लागू नये तुझ्या दाताला?"

"ताई, मी रोज ब्रश करतो, यात माझं काय चुकलं गं?"

"एवढ्या पैशांत नर्सरीवाल्याच्या चार लिली आल्या असत्या," कॅशियर कण्हत म्हणाला. "आणि वर इस्त्री."

"हळू बोला! अप्पांना कळलं, की त्यांच्या बेडकापायी आपण दाढा उपटून घेतोय, तर?"

अप्पा दारातच उभे होते. त्यांनी सुनेचा गाल पाहिला, मुलाचा पाहिला, मेहुण्याचे शाबूत दात पाहिले. मग काहीतरी बोलले.

"काय?" तिघंही एकदम म्हणाले.

अप्पांनी हात हलवला, चपला घातल्या आणि चालू लागले. तिघं मागोमाग धावले. अप्पा दवाखान्यात शिरले, रांगेला न जुमानता आत गेले, खुर्चीत बसले आणि पुन्हा काहीतरी पुटपुटले.

"नाही हो, मुळीच दुखणार नाही," डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या.

अप्पा पुटपुटले.

"दोन कशाला? तीन देईन. बेडूक केवढा आहे तुमचा?"

अप्पांनी हाताने माप दाखवलं आणि बोलतच सुटले. डॉक्टरीणबाई अवजारं मांडता मांडता "हो का?", "मग?", "अगदी बरोबर!" करत होत्या. तोंडात कापूस, आरसा आणि नळी असलेल्या माणसांशीच गप्पा मारत त्यांचं आयुष्य गेलं होतं. मध्येच त्यांनी डोळे पुसले.

"तुम्हाला कळतं ते काय बोलतात?" कॅशियरने विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला नाही कळत?"



उरलेले दोन्ही दात गेले, टाकीत तीन लिली आल्या आणि पुढे काही दिवसांनी कवळीही बसली. घरी आल्यावर अप्पांनी घसा साफ केला आणि शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या बेडकाशी मी का बोलायचो, सांगू? तो एकदाही 'काय?' म्हणाला नाही."

"मग अप्पा, कवळी तेव्हाच का नाही केलीत? आई होती तेव्हा…" कॅशियरने विचारलं.

"तुझी आई होती तेव्हा मला दात कशाला हवे होते? मी तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. उत्तरही तीच देऊन टाकायची." अप्पांनी नवी कवळी जिभेने चाचपली. "सवय झाली होती रे."

सून काहीतरी शोधायला म्हणून आत निघून गेली.

तेव्हापासून अप्पा बोलतायत. सकाळी सुनेशी, दुपारी शेजाऱ्यांशी. हल्ली बँकेतही येतात आणि रांगेला 'पुढे सरका' म्हणतात. रांग सरकते. लिली वाढून वाढून टाकीभर झाली, तिला फूलसुद्धा आलं, पण तिथे बसायला अप्पांना आता वेळ नाही.

तिथे संध्याकाळी कॅशियर बसतो. दोन्ही कानांना जरा विसावा म्हणून.

"दोन वर्षांचं साठलेलं तू एकट्याने ऐकलंस," तो एकदा बेडकाला म्हणाला. "कमाल आहे बाबा तुझी."

बेडूक पानाखाली आख्खा सावलीत होता. इतक्यात घरातून अप्पांनी हाक मारून काहीतरी सांगितलं. आत कुकरची शिट्टी झाली, शब्द उडून गेले. कॅशियरच्या ओठांवर 'काय?' आलंच होतं. त्याने ते गिळलं.

"आलो, अप्पा!" तो ओरडून म्हणाला. मग टाकीकडे वाकून हळूच विचारलं, "काय म्हणाले रे?"