तांबट आळीची संध्याकाळ

गेल्या चैत्रात नगरपालिकेने आमच्या तांबट आळीची संध्याकाळ टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीला उसनी दिली. तेव्हापासून आमच्याकडे दुपार संपली की लगेच रात्र.

आळीत कुणाला कळलंही नाही, सगळे मोबाईलात. मला कळलं, कारण तेव्हा शेजारची ठमाबाई माझ्या ओट्यावर बसून नातीच्या लग्नाची हकिकत सांगत होती. "हल्लीची तऱ्हा बघ. ड्रोनला हार बांधला गं, नवरीच्या गळ्यात घालायला. तो जो उडाला, आणि मग…" तेवढ्यात रात्र झाली. तिच्या मुलाने हाक मारली, ती उठून गेली. हार कुठे पडला ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणे, "संध्याकाळचं बोलणं भरदुपारी? मी नाही सांगायची."

आंबे संपले. मतदान झालं, गॅस महागला, आळीत दोन सुना आल्या. कशावरच आमचं बोलणं झालं नाही. पोटात नुसतं साचत गेलं. शेवटी दोघी नगरपालिकेत गेलो.

कारकून म्हणाला, "आजी, ठराव झालाय. तुमच्याकडे संध्याकाळ वापरात नव्हती."

"आम्ही दोघी वापरत होतो."

"दोघींसाठी अख्खी संध्याकाळ ठेवता येत नाही."

"कायमची दिलीत की उसनी?"

त्याने चष्मा पुसला. "उसनी. मुदतही संपलीय. पण न्यायला कुणी आलंच नाही."

"आता आलोय."

तशाच टेकडीपलीकडे वसाहतीत गेलो. तिथली सेक्रेटरी शलाका नावाची बाई. तिने बागेवर पसरलेली संध्याकाळ काढली, सतरंजीसारखी घडी घातली नि पुढे केली. ठमाबाईने हात मागे घेतले.

"रिकामी?"

"म्हणजे?"

"अगं बाई, शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देतं? चिमूटभर साखर तरी घालतात. आईनं शिकवलं नाही वाटतं!"

शलाका ओशाळली. "घरात काही नसतंच हो, सगळं बाहेरून मागवतो." मग तिला आठवलं. "रविवारची सकाळ आहे. दहापर्यंत कुणी उठत नाही, तशीच पडून असते. चालेल?"

"कोरी आहे ना?" मी विचारलं.

"कुणाचा हातही लागलेला नाही."

ती घडीत घालून घेतली. ओट्यावर आणून उलगडली, तर आधी कोवळं ऊन सांडलं. ठमाबाईची सून डोळे चोळत बाहेर आली. "आज सुट्टी आहे का हो?" मग हळूहळू संध्याकाळ पसरली. गुलबक्षी उमलली. मी दिवा लावला.

ठमाबाई मांडी घालून बसली. "कुठे होते मी?"

"हार उडाला, आणि मग…"

"आणि मग पडला थेट भटजीबुवांच्या गळ्यात! बुवा लाजले नि म्हणाले, 'यजमान, मला घरी विचारावं लागेल.'"

आम्ही अशा हसलो की आळीतली दारं धडाधड उघडली. काय झालं, काय झालं करत जो तो ओट्यावर आला नि तिथेच बसला. ठमाबाईला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

संध्याकाळ वापरात आहे का, ते बघायला कारकून सायकलवरून आला. उभं राहायला जागा नव्हती. मी सरकून घेतलं.

"बसा. तळाशी थोडी सकाळ उरलीय."

तो बसला.